पाव टाकी ते पहिला ‘टक्’ : नव्या कारवाल्यांनी पेट्रोल कधी आणि किती भरावं

पहिली कार घेणारे बरेच जण आधी वर्षानुवर्षं बाइक किंवा स्कूटर चालवून आलेले असतात, आणि पेट्रोल भरायच्या सवयीही तिकडूनच सोबत येतात. दोनशेचं टाका, संपत आलं की रिझर्व्हला लावा, पुढच्या पंपावर बघू. जुन्या बाइकला हे चालून जायचं. टाकी इंजिनाच्या वर असायची, पेट्रोल आपोआप खाली उतरायचं, आणि कॉक फिरवला की तळाशी राखून ठेवलेलं लिटर-दीड लिटर हाताशी यायचं. कारला असा कॉक नसतो. बहुतेक गाड्यांत टाकी मागच्या सीटखाली असते, इंजिन पुढे, आणि पेट्रोल तिथपर्यंत ढकलणारा विजेचा पंप खुद्द टाकीच्या आत पेट्रोलमध्ये बुडवून बसवलेला असतो. काट्याजवळचा पिवळा दिवा फक्त सांगतो की आता थोडं उरलंय. राखीव म्हणून वेगळं काही ठेवलेलं नसतं.

म्हणून कारसाठी दोनच गोष्टी पक्क्या करा. काटा पाव टाकीवर आला की भरायला जा. आणि भरताना नोझल पहिल्यांदा ‘टक्’ करून बंद पडलं की थांबा. का, आणि याला अपवाद कुठले, ते पुढे सविस्तर.

आधी आपली गाडी ओळखा

शोरूममधून मिळालेलं मॅन्युअल एकदा उघडून तीन गोष्टी बघून ठेवा : टाकी किती लिटरची, इंधन कुठलं, आणि टाकीचं झाकण कसं उघडतं. स्विफ्टची टाकी ३७ लिटरची आहे, वॅगन आरची ३२, ऑल्टो के-१० ची २७, नेक्सॉनची ४४ आणि क्रेटाची ५०. आपला आकडा तोंडपाठ असला की काटा बघून किती लिटर बसेल याचा अंदाज येतो, आणि पंपावर गडबड झाली तर ती लगेच लक्षात येते.

झाकण कुठल्या बाजूला आहे हे विसरायला होतं, विशेषतः मित्राची किंवा भाड्याची गाडी असेल तर. डॅशबोर्डवर पंपाचं जे छोटं चित्र असतं, त्याच्या शेजारी बहुतेक गाड्यांत एक बारीक त्रिकोणी बाण असतो. बाण ज्या बाजूला, झाकण त्या बाजूला.

पाव टाकीच का

पहिलं कारण तो टाकीतला पंप. चालताना तो तापतो आणि भोवतीचं पेट्रोलच त्याला थंड ठेवतं. पेट्रोल कायम तळाशीच राहिलं तर पंप उघडा पडतो, जास्त तापतो आणि त्याचं आयुष्य कमी होतं. एखाद-दुसऱ्या वेळी दिवा लागला म्हणून काही बिघडत नाही, पण महिनोन् महिने दिव्यावरच गाडी चालवायची सवय महागात पडते. ‘टाकी रिकामी झाली की तळाचा कचरा इंजिनात जातो’ असंही बरेच जण सांगतात. त्यात फारसं तथ्य नाही. पंप टाकी भरलेली असतानाही तळातूनच ओढतो आणि मध्ये फिल्टर असतो. खरी भीती कचऱ्याची नाही, हवेची आहे. पेट्रोल कमी असताना घाटातल्या वळणावर किंवा चढावर ते टाकीत एका बाजूला जातं, पंपाच्या तोंडाशी क्षणभर हवा येते आणि गाडी झटका देते. मागे एसटी असताना असा झटका नको.

डिझेल गाडीत हा मुद्दा आणखी गंभीर आहे. तिथला उच्च दाबाचा पंप डिझेलच्याच वंगणावर चालतो. टाकी पूर्ण रिकामी होऊन पाइपात हवा शिरली, तर नुसतं पाच लिटर डिझेल ओतून गाडी सुरू होईलच असं नाही. हवा काढावी लागते, आणि त्यासाठी बऱ्याचदा मेकॅनिकच लागतो. डिझेलवाल्यांनी दिवा लागायची वाटसुद्धा बघू नये.

दुसरं कारण म्हणजे काट्यावर फार विश्वास ठेवण्यात अर्थ नसतो. टाकीत एका दांडीवर तरंगणारा फ्लोट असतो आणि तो जितका वर-खाली होईल तसा काटा हलतो. गाडी चढावर किंवा उतारावर असली की पेट्रोल सरकतं आणि फ्लोटही सरकतो. खंबाटकी चढताना पेटलेला दिवा घाट उतरल्यावर विझलेला दिसला, तर पेट्रोल वाढलेलं नसतं. खरा काटा बघायचा तो सपाट रस्त्यावर, गाडी उभी असताना. शिवाय कित्येक गाड्यांत टाकीचा आकार वेडावाकडा असल्यामुळे वरचा अर्धा भाग सावकाश उतरतो आणि खालचा भराभर उतरल्यासारखा वाटतो. नव्या गाडीच्या पहिल्या महिन्यात हे नीट बघून ठेवा.

‘अजून ८० किलोमीटर जाईल’ असं स्क्रीन सांगते, तोही अंदाजच असतो. मागच्या काही किलोमीटरला गाडीने जे ॲव्हरेज दिलं त्यावरून तो काढलेला असतो. एक्सप्रेसवेवर एका लयीत चालवून आलात आणि मग हिंजवडीच्या संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये सापडलात, तर ते ८० चे ५० व्हायला वेळ लागत नाही.

तिसरं कारण आपल्या हातात नसतं. जानेवारी २०२४ च्या पहिल्या दोन दिवसांत ट्रक आणि टँकरचालकांनी हिट अँड रनच्या नव्या तरतुदीविरुद्ध संप केला तेव्हा राज्यभर पंपांवर रांगा लागल्या आणि काही पंप कोरडे पडले. ज्यांच्या टाकीत अर्धं-पाव होतं ते निवांत घरी बसले. पूर, दरड, गणपतीतली कोकणातली गर्दी, अशा वेळा आपल्याकडे दरवर्षी येतात.

बाहेरगावी निघताना

पाव टाकीचा नियम शहरापुरता. घाट किंवा लांबचा पल्ला असेल तर अर्ध्या टाकीवरच भरून घ्या. ताम्हिणीतून कोकणात उतरायचं असेल तर पौड-मुळशीच्या अलीकडे टाकी भरा आणि माणगावच्या बाजूला येईपर्यंत मध्ये पंप मिळेल असं धरून चालू नका. वरंधा, आंबोली, भंडारदरा परिसर, सगळीकडे हेच. खेड्यातले कित्येक पंप रात्री लवकर बंद होतात, आणि नकाशावर दिसणारा पंप चालू असेलच याची खात्री नसते.

समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा आहे. तिथे टाकी फुल करूनच चढावं, असं माझं स्पष्ट मत आहे. १२० च्या वेगाने गाडी हवा कापत जाते तेव्हा ती ८०-९० च्या तुलनेत बरंच जास्त पेट्रोल पिते, त्यामुळे शहराच्या हिशेबाने काढलेला पल्ला तिथे लागू पडत नाही. आणि अशा रस्त्यावर पेट्रोल संपून कडेला उभं राहणं म्हणजे भरधाव ट्रकच्या वाटेत उभं राहणं. ते टाळण्यासाठी शे-दोनशे रुपयांची बचत बाजूला ठेवा.

सीमेवरचा एक हिशेब मात्र करण्यासारखा आहे. गोव्यात आणि गुजरातमध्ये व्हॅट कमी असल्याने पेट्रोल महाराष्ट्रापेक्षा स्वस्त पडतं. सावंतवाडीकडून गोव्यात जाणार असाल तर पत्रादेवी ओलांडण्यापुरतं ठेवा आणि पलीकडे फुल करा. परत येताना पुन्हा फुल करून या. ‘पुरतं’ म्हणजे तेव्हाही दिव्याच्या वर. आणि स्वस्त पेट्रोलसाठी म्हणून वीस किलोमीटर वाकडी वाट करू नका, वाचवलेले पैसे रस्त्यातच जळतात.

सकाळी भरलं तर जास्त मिळतं का?

हा प्रश्न प्रत्येक नवा गाडीवाला विचारतो. पेट्रोल थंडीत आकसतं हे खरं. पण पंपावरचं पेट्रोल जमिनीखालच्या टाकीत असतं आणि तिथलं तापमान सकाळ-दुपार फारसं बदलत नाही. म्हणजे पहाटे उठून रांग लावण्याने हातात पडणारा फरक नगण्य. पेट्रोलचे भाव जून २०१७ पासून रोज सकाळी ६ वाजता ठरतात, त्यामुळे मध्यरात्रीपूर्वी धावत जाऊन भरायचे दिवसही गेले.

वेळेबाबत एकच गोष्ट पाळा. पंपावर टँकर रिकामा होत असेल तर पुढच्या पंपावर जा. जमिनीखालच्या टाकीत वरून इंधन पडताना तळाचा गाळ आणि पाणी ढवळलं जातं.

पावसाळ्यात याकडे जास्त लक्ष द्या. आता पंपावर मिळणारं पेट्रोल ई-२० म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं असतं, आणि इथेनॉल पाणी ओढून घेतं. पाणी एका मर्यादेपलीकडे गेलं की इथेनॉल आणि पाणी पेट्रोलपासून वेगळं होऊन तळाशी बसतं, आणि नेमकं तेच गाडीच्या टाकीतला पंप ओढतो. डिझेलमध्ये पाणी गेलं तरी गाडी बंदच पडते. जून २०२५ मध्ये मध्य प्रदेशच्या मुख्यमंत्र्यांच्या ताफ्यातल्या १९ गाड्या रतलामजवळ एका पंपावर डिझेल भरल्यावर बंद पडल्या होत्या. टाक्या उघडल्या तर आत पाणी. म्हणून जोरदार पावसात तळं साचलेल्या, खोलगट जागेतल्या पंपावर भरणं टाळा, आणि शक्यतो जिथे गाड्यांची वर्दळ जास्त असते असाच पंप धरा.

पंपावर पोचल्यावर

गाडी झाकणाच्या बाजूने मशीनपाशी लावा, इंजिन बंद करा, हँडब्रेक ओढा. फोन खिशात राहू द्या. मग शक्यतो खाली उतरा. गाडीत बसून आरशातून बघणं आणि मशीनसमोर उभं राहणं यात फार फरक आहे.

इंधनाचं नाव स्वतः मोठ्याने सांगा : ‘पेट्रोल, फुल, ऑटो कटपर्यंतच’, म्हणजे नोझल पहिल्या ‘टक्’ला आपोआप बंद होईपर्यंतच. पंपावरचा मुलगा दिवसभर शेकडो गाड्या भरतो. एकाच मॉडेलच्या पेट्रोल आणि डिझेल गाड्या बाहेरून सारख्याच दिसतात, त्यामुळे त्याने ओळखावं अशी अपेक्षा ठेवू नका. नव्या गाड्यांच्या काचेवरचा होलोग्राम स्टिकर पेट्रोल-सीएनजीसाठी फिकट निळा आणि डिझेलसाठी नारिंगी असतो, पण घाईत तो कोण बघतं?

तो ‘झिरो बघा’ म्हणेल. खरोखर बघा. मशीनवर रक्कम आणि लिटर दोन्ही शून्य आहेत का, आणि दर बोर्डावरचाच आहे का. मग नोझल टाकीत गेलं की आकडा हलायला लागतो, तोवर नजर हटवू नका. नेमकं याच वेळी कोणीतरी काच पुसायला येतं, कार्ड की यूपीआय विचारतं, इंधनात मिसळायचं एखादं ॲडिटिव्ह विकायला बघतं. ‘भरून झालं की बोलू’ एवढं म्हटलं की पुरतं.

११० रुपयांचं किंवा ५५० रुपयांचं भरलं की फसवणूक होत नाही, असा एक समज आहे. तो सोडून द्या. मशीनमध्येच फेरफार असेल तर कुठलीही रक्कम सांगा, माप कमीच येणार. २०१७ मध्ये ठाणे पोलिसांनी पंपांवर छापे घालून मशीनमध्ये बसवलेल्या अशा चिप पकडल्या होत्या. शंका आली तर उपाय वेगळा आहे : प्रत्येक पंपावर वैधमापनशास्त्र विभागाचा शिक्का असलेलं पाच लिटरचं माप असतं. ते मागा आणि तुमच्यासमोर त्यात पाच लिटर भरायला सांगा. त्यात २५ मिलिलिटरपर्यंतचा फरक चालतो, माप त्याहून जास्त कमी भरलं तर तक्रार करा. पेट्रोलच्या शुद्धतेची शंका असेल तर फिल्टर पेपर मागा. त्यावर टाकलेला पेट्रोलचा थेंब काही वेळात उडून जायला हवा, तेलकट डाग राहता कामा नये. हे मागणं हा तुमचा हक्क आहे, त्याचे पैसे द्यावे लागत नाहीत, आणि चांगला पंपवाला कुरकुर न करता देतो.

उलट एक गोष्ट फसवणूक नसते. ३७ लिटरच्या टाकीत ३८-३९ लिटर गेलं म्हणून भांडायला उभे राहू नका. कंपनीने सांगितलेला आकडा सुरक्षित मर्यादेचा असतो. टाकीत वर वाफेसाठी मोकळी जागा असते, शिवाय तोंडापर्यंतची नळी. त्यात दोन-तीन लिटर जास्त बसू शकतं. अर्थात ते तिथे भरायला नको होतं, आणि पुढचा मुद्दा तोच आहे.

‘राउंड फिगर करू का?’

नोझलच्या टोकाशी एक बारीक भोक असतं, पुढच्या वेळी मुद्दाम बघा. पेट्रोल वाहत असताना त्या भोकातून हवा आत ओढली जात असते. टाकीतली पातळी वर येऊन ते भोक बुडलं की हवा बंद होते, नोझलच्या आतला पडदा ओढला जातो आणि दांडीचा खटका सुटतो. तोच ‘टक्’ आवाज. यात वीज नाही, सेन्सर नाही, आणि तरीही ही यंत्रणा क्वचितच चुकते.

त्यानंतर मुलगा विचारतो, ‘राउंड फिगर करू का?’ बिल २,९४० झालेलं असतं, ते ३,००० करायचं असतं. उत्तर नेहमी एकच : नको. सुट्ट्या पैशांचा प्रश्न यूपीआयने कधीच संपवलाय.

कारण असं, की टाकीच्या वर सोडलेल्या जागेत पेट्रोलची वाफ जमते. ती बाहेर हवेत सोडायची नसते, म्हणून गाडीत कोळशाचे दाणे भरलेला एक डबा असतो, कॅनिस्टर. वाफ तिथे शोषली जाते आणि गाडी चालताना इंजिन ती ओढून जाळतं. हा डबा वाफेसाठी आहे. वरपर्यंत ठासून भरलं की नळीतून पातळ पेट्रोलच त्यात जातं आणि कोळसा भिजून निकामी होतो. मग भरल्यानंतर गाडी सुरू व्हायला त्रास देते, पेट्रोलचा वास येतो, कधी इंजिनचा दिवा लागतो, आणि कारण शोधेपर्यंत वर्कशॉपचं बिल वाढतं. साठ रुपयांच्या राउंड फिगरपायी कशाला हे? काही जण गाडी हलवून हलवून हवा काढतात आणि आणखी दोन लिटर बसवतात. तेही नको.

एक अपवाद. टाकी निम्मी रिकामी असताना पाच-सात लिटरवरच ‘टक्’ झालं, तर टाकी भरलेली नसते. नोझल नीट आत गेलेलं नसतं, किंवा वेग जास्त असल्याने फेस वर आलेला असतो. डिझेलला फेस जास्त येतो. अशा वेळी नोझल थोडं फिरवून, कमी वेगाने पुन्हा भरायला सांगा. इथेच टाकीचा आकडा पाठ असल्याचा उपयोग होतो.

उन्हाळ्यात टाकी फुल केली तर स्फोट होतो म्हणे

दर एप्रिल-मेमध्ये हा मेसेज फिरतो, खाली इंडियन ऑइलचं नाव घालून. त्या कंपनीने स्वतः तो खोटा असल्याचं जाहीर केलं आहे : उन्हाळा असो की हिवाळा, गाडी बनवणाऱ्या कंपनीने सांगितलेल्या मर्यादेपर्यंत टाकी भरणं सुरक्षित आहे. हिशेब करून बघा. पेट्रोल दर अंशाला साधारण ०.१ टक्का फुगतं. ३७ लिटर पेट्रोल १५ अंशांनी तापलं तर वाढ होते जेमतेम अर्धा लिटर, आणि वरची मोकळी जागा त्यासाठीच ठेवलेली असते. नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यातही ती पुरते, पण पहिल्या ‘टक्’ला थांबलात तरच.

फुल की हजाराचं?

महिन्याचं गणित ज्याचं त्याचं. एका वेळी हजाराचंच भरणं जमत असेल तर त्यात गाडीचं काही नुकसान नाही, फक्त पाव टाकीच्या खाली जाऊ देऊ नका. ‘फुल टाकीच्या वजनाने ॲव्हरेज पडतं’ या बोलण्याकडेही लक्ष देऊ नका. २० लिटर पेट्रोल म्हणजे सुमारे १५ किलो. डिकीत विसरलेल्या सामानाचं वजन याहून जास्त भरतं.

तरी महिन्यातून एकदा फुल करावी, कारण खरं ॲव्हरेज मोजायचा तोच भरवशाचा मार्ग आहे. पहिल्या ‘टक्’पर्यंत भरा, ट्रिप मीटर शून्य करा, नेहमीसारखी गाडी वापरा. पुढच्या वेळी शक्यतो त्याच पंपावर पुन्हा पहिल्या ‘टक्’पर्यंत भरा. झालेले किलोमीटर भागिले या वेळी बसलेले लिटर. ४२० किलोमीटर झाले आणि २८ लिटर बसलं, तर १५. हा आकडा मोबाइलमध्ये लिहीत गेलात, की टायरमधली हवा कमी झाली, ब्रेक चिकटायला लागला किंवा एखाद्या पंपाचं माप संशयास्पद आहे, हे सगळं तुम्हाला आधी कळेल. हवेचंही सांगतो : पंपावर ती फुकट मिळते, तेव्हा रिकाम्या हाताने निघू नका.

गाडी महिना-दीड महिना उभी राहणार असेल, तर टाकी बरीचशी भरून ठेवा. रिकाम्या जागेत दमट हवा राहते आणि ई-२० मधलं इथेनॉल त्यातला ओलावा ओढतं. कोकणातल्या आणि मुंबईच्या पावसाळ्यात हे विशेष.

सीएनजीवाल्यांनी पेट्रोलची टाकी विसरू नये. बऱ्याच सीएनजी गाड्या पेट्रोलवर सुरू होऊन मग गॅसवर जातात, आणि पेट्रोलचा पंप तिथेही टाकीतच असतो. दहा लिटर तरी ठेवा आणि आठवड्यातून थोडं अंतर पेट्रोलवर चालवा, म्हणजे ते शिळं होत नाही. गॅस भरताना सगळ्यांनी गाडीतून उतरायचं, झोपलेल्या मुलांनाही उतरवायचं. सिलिंडरची चाचणी दर तीन वर्षांनी करून घ्यायची. मुदत संपलेली असेल तर पंपावर गॅस देत नाहीत, आणि द्यायलाही नको.

चुकीचं इंधन पडलं तर

डिझेलचं नोझल जाड असतं, ते पेट्रोल गाडीच्या तोंडात सहसा जात नाही. पण पेट्रोलचं बारीक नोझल डिझेल गाडीत सहज जातं, म्हणून डिझेलवाल्यांनी जास्त सावध राहायचं. लक्षात आलं त्या क्षणी भरणं थांबवा आणि चावी फिरवू नका. ‘बाजूला घेण्यापुरती’ सुद्धा सुरू करू नका. बटणवाल्या गाडीत इग्निशन चालू केलं तरी टाकीतला पंप ते इंधन पुढे ढकलू शकतो. न्यूट्रलमध्ये टाकून गाडी ढकला, पंपाच्या मॅनेजरला बोलवा, बिलावर लिटर आणि इंधनाचा प्रकार आहे ना ते बघून त्याचा फोटो काढा, आणि टोइंग मागवा. इंजिन सुरू झालेलं नसेल तर टाकी रिकामी करून धुण्यावर निभावतं. सुरू झालं असेल तर डिझेलचा उच्च दाबाचा पंप आणि इंजेक्टर यांचं नुकसान होऊ शकतं, आणि तो खर्च लाखाच्या घरातही जाऊ शकतो.